घोड्याच्या टापेचा रुपया

दादाचा फोटो आला तेव्हा मी लातूरला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बारावीचे पेपर तपासत बसले होते. फोटोत चमच्यासारखं लख्ख काहीतरी होतं आणि खाली लिहिलं होतं, 'ओळख पाहू.' आधी मला ओळखूच येईना. ओळखू आलं तसा पेन खाली ठेवला आणि फोन लावला.

"दादा, हे आपलं टापेचं नाणं आहे का?"

"मग! तुझ्या वहिनीनं चिंच अन् राख लावून घासलं. वरून भांड्याची पावडर. अर्धा तास लागला. कसं दिसून राहिलं?"

"नव्यासारखं."

"तेच म्हणतो मी!" दादा खूश झाला.

मी पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. चांदीवर चढलेला काळा थर म्हणजे घाण नव्हे, तो खालच्या धातूला झाकून ठेवतो, आणि घासला की त्याच्याबरोबर चांदीही जाते, हे मी दरवर्षी निदान दीडशे पोरांना सांगते. माझ्याच घरात ते कुणाला माहीत नव्हतं. मी हे दादाला बोलले तर तो म्हणाला, "तुझं पुस्तकातलं राहू दे. रविवारी ये. नाण्याची किंमत काढायची हाय."

हे नाणं म्हणजे निजामाच्या काळातला हाली रुपया, हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं चलन. एका बाजूला चारमिनार, दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरं, वरच्या कडेला डाग देऊन बसवलेली कडी, आणि चारमिनारच्या डाव्या अंगाला एक चंद्रकोरीसारखी खोल खूण. त्या खुणेची गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक पोराला पाठ. आमचे पणजोबा मुखेडजवळच्या आमच्या गावात शेती करायचे. थोरल्या निजामाची शिकारीची स्वारी त्या बाजूला आली आणि रानात वाट चुकली. पणजोबांनी वाट दाखवली. निजामानं घोड्यावरूनच एक रुपया टाकला, तो खाली पडला, आणि पणजोबा उचलायला वाकणार तोच घोड्यानं त्यावर टाप ठेवली. ती खूण म्हणजे घोड्याच्या नालेची. तेव्हापासून घरात मूल जन्मलं की बारशाच्या दिवशी तो रुपया करदोट्यात ओवून त्याच्या कमरेला बांधायचा. वडिलांच्या कमरेला होता, दादाच्या होता, माझ्याही होता. आता दादाला नातू झाला होता आणि महिनाभरानं बारसं होतं.

रविवारी अहमदपूरला गाडी बदलून मी मुखेडला गेले. दादाचं बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे आणि घर त्याच्याच मागं. वहिनींनी देवघरातून नाणं आणलं. हळदीकुंकवाच्या डबीत ठेवलेलं होतं, त्यामुळं एका अंगाला पिवळं आणि एका अंगाला लाल झालं होतं. मी हातात घेतलं आणि पाहते तो कडीच्या मुळाशी काचेसारखा एक गोळा.

"हे काय?"

"घासताना कडी निघाली ना," वहिनी म्हणाल्या. "मग यांनी चिकटवली. ते ट्यूबमधलं असतंय बघा ताई, बोट चिकटलं तर सुटत न्हाई, ते."

"पक्कं बसलंय," दादा म्हणाला. "ओढून बघ."

मी ओढून पाहिलं नाही. मी खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

किंमत काढायचं खूळ कुठून आलं तेही कळलं. दुकानात येणाऱ्या कुणीतरी दादाला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला होता. चारमिनारचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतात म्हणे, फक्त खालच्या नंबरवर फोटो पाठवा. दादानं पाठवला होता. तिकडून लगेच उत्तर आलं की तुमचं नाणं अतिशय दुर्मिळ आहे, नोंदणीची फी भरा म्हणजे आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. दादा सोमवारी फी भरणार होता.

"दादा, खरंच घ्यायचं असतं तर त्यानं तुला पैसे दिले असते, तुझ्याकडून मागितले नसते."

"आगं, विकायचं कोण म्हणून राहिलंय? किंमत तर कळंल!"

"मग किंमत मी काढून आणते. तू काही भरू नकोस. आणि वहिनी, तुम्ही याला आता पाणीसुद्धा लावू नका."

"मी तर चांगलंच केलं," वहिनी जरा दुखावून म्हणाल्या. मला अपराधी वाटलं आणि त्याच वेळी रागही आला. वहिनींचं चुकलं असं म्हणवत नव्हतं. घरातली चांदी घासायची असते हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं.

मी नाणं वहीच्या कागदात गुंडाळलं. वहिनींनी तो कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तिला रबर लावलं आणि वरून पुन्हा कुंकू लावलं. बसस्टँडवर गेल्यावर मी पिशवी आणि रबर काढून टाकलं.

लातूरला आधी ओळखीच्या सराफाकडे गेले. त्यांनी नाणं तळहातावर वर-खाली केलं, म्हणाले, "म्याडम, हाली चांदी म्हणजे कस बघावाच लागतो." आणि खरं-खोटं पाहायला सरळ कानस उचलली. मी काउंटरवरून त्यांचा हात धरला. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. सराफ म्हणाले, "अहो, कडेला जरासं घासतो, दिसणार पण नाही." मी नाणं घेतलं आणि निघाले. रिक्षात बसल्यावर मला एकटीलाच हसू आलं, मग रडायला आल्यासारखं झालं. या नाण्याला जो भेटेल त्याला ते घासायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. छोट्या बीकरमध्ये ॲसिटोन घेतलं, नाणं बुडवलं आणि झाकण ठेवून बसले. दोन तासांनी दादाचा पक्का गोळा पांढरा पडून सालीसारखा सुटला आणि कडी तळाला गेली. डिस्टिल्ड पाण्यात नाणं दोनदा बुडवून काढलं, गाळणकागदावर ठेवलं, पुसलं नाही, नुसतं टिपलं. भिंगाखाली पाहिलं तर वहिनींच्या हाताची दिशा दिसत होती. सगळे ओरखडे उजवीकडून डावीकडे तिरपे गेलेले. ते आता कायमचे.

नांदेडला इतवारा भागात एक म्हातारे चाचा बसतात, असं आमच्या स्टाफमधल्या एका बाईंनी सांगितलं होतं. भांड्यांवर नावं घालून द्यायचा त्यांचा पिढीजात धंदा. लग्नात द्यायच्या स्टीलच्या डब्यांवर, तांब्यांवर, परातींवर. जुन्या नाण्यांचा त्यांना नाद आहे आणि फारसी वाचता येतं. मी दादाला कळवलं. तो मुखेडहून परस्पर आला. बारसं आठवड्यावर आलं होतं.

चाचांचं दुकान म्हणजे दोन माणसं बसतील एवढी जागा. ऐंशीच्या आसपासचे असतील. त्यांनी आधी हात धुतले, कोरडे केले, मग नाणं दोन बोटांनी कडेवर धरलं. इतक्या दिवसांत नाणं नीट धरणारा पहिला माणूस मला भेटला. माझा जीव भांड्यात पडला.

"कुणी घासलं?" त्यांनी विचारलं.

दादा दुकानातले डबे बघायला लागला. मी म्हणाले, "घरात."

"हां. घरातच घासतात. बाहेरचा कोण घासणार?" त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "रुपया असली हाय बेटी. हाली. आमच्या लहानपणी घराघरात होते, म्हणून दुर्मिळ बिलकुल न्हाई. त्यात कडी लावली, कडी निघाली, घासून घासून कळा गेली. शौकवाला हे हातात पण घेणार न्हाई. चांदीची किंमत येईल, बस."

दादा पुढं सरकला. "चाचा, पण ती टाप बघा ना. थोरल्या निजामाच्या घोड्याची हाय ती."

"थोरल्या?" चाचांनी नाणं आमच्याकडे फिरवलं आणि खिळ्यासारख्या बारीक पोलादी टोकानं, न टेकवता, चारमिनारच्या मधल्या कमानीकडे दाखवलं. "इथं एक हर्फ हाय. दिसला? जो निजाम गादीवर, त्याच्या नावाचा पहिला हर्फ ह्या कमानीत असतो. बापाच्या रुपयात मीम. पोराच्या रुपयात ऐन. हा ऐन हाय. हा थोरल्याचा रुपया न्हाई, त्याच्या पोराच्या वक्तचा हाय."

आमच्या घरात दुसरी एक गोष्ट पक्की होती, ती म्हणजे पणजोबा थोरल्या निजामाच्या हयातीतच साथीच्या आजारात गेले. आजोबा तेव्हा रांगत होते. म्हणजे पणजोबांच्या हातात हा रुपया पडणं शक्यच नव्हतं. मी दादाकडे पाहिलं. त्यालाही ते कळलं होतं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

"अन् ही टाप न्हाई," चाचा पुढं म्हणाले. त्यांना दादाचे कान दिसले नसावेत. "मी साठ वर्सं धातूवर ठोकून राहिलो. ही ठोकलेली खूण हाय. खाली दगड, वरून गोल कडेचं लोखंड. तीन ठोके हायेत. पहिले दोन भीत भीत मारले, ते नुसते घसरले, ह्या बघा बारीक रेघा. तिसरा जोरात बसला. घोडा एकाच जागी तीनदा पाय देत न्हाई, साहेब."

"मुद्दाम ठोकलंय म्हणता?" मी विचारलं.

"मुद्दाम."

चाचांनी पैसे घेतले नाहीत. चहा पाजला आणि मला सांगितलं, पुन्हा घासू नका, काळं पडेल ते पडू द्या, डागही द्यायचा नाही, कडी वेगळ्या पुडीत ठेवा. दादा चहा अर्धा टाकून बाहेर जाऊन उभा राहिला होता.

बसस्टँडपर्यंत तो माझ्याशी भांडला. म्हातारा आंधळा झालाय. भांड्यावर नावं घालणाऱ्याला काय कळतं? मी त्याला असल्या ठिकाणी नेलंच का? मी विचारलं, "मग फी मागणाऱ्याला कळतं का?" त्यावर तो म्हणाला, "आत्याला इचारू. आत्या सांगंल खरं काय ते. मग तुझ्या चाचाला फोन लावू."

आत्या आमच्या वडिलांची थोरली बहीण. शिरूर अनंतपाळला दिलेली, ऐंशी पार केलेली, कानानं जरा कमी पण बाकी ठणठणीत. दोन दिवसांनी मी लातूरहून आणि दादा मुखेडहून तिच्याकडे पोचलो. तिची सून चहाचं बघायला आत गेली. दादानं नाणं आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. चाचा, मीम, ऐन, तीन ठोके, आणि तो म्हातारा कसा खोटारडा आहे तेही.

आत्यानं नाणं उचललं नाही. बोटानं ती खूण चाचपली. मग म्हणाली, "खोटारडा न्हाई त्यो. तीनच मारले हुते."

दादाला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"आरं गप की!" आत्या ओरडली. "ऐकलं मी. मी धरला हुता त्यो रुपाया. चिमट्यात."

मग तिनं सांगितलं. ती नऊ-दहा वर्षांची होती आणि आमचे वडील अंगावर पिणारे. आजी शेतात खुरपत होती आणि बाळाला आत्याजवळ विहिरीकडच्या लिंबाखाली ठेवलं होतं. आत्याला त्या रुपयावरचा चारमिनार नीट बघायचा होता. घरात कुणी तिला हात लावू देत नसे, कारण तो तान्ह्या बाळाच्या कमरेचा. तिनं करदोट्याची गाठ सोडली, नाणं काढलं, विहिरीच्या कठड्यावर गरगर फिरवून पाहिलं. दोनदा फिरलं. तिसऱ्यांदा कठड्यावरून घरंगळलं आणि आत गेलं.

"आवाज पण आला न्हाई बघ," आत्या म्हणाली. "लई खोल हुतं पाणी. मी मायकडं पळत गेले. म्हणलं आता मारतीय. तर ती नुसती खाली बसली. म्हणली, कुणाला सांगू नको, तुझा बाप मला घरात ठिवायचा न्हाई."

आजीनं बाळाच्या कमरेला कापडाची चिंधी गुंडाळून ठेवली. पुरळ आलंय, करदोटा काढलाय, असं सांगितलं. पुढच्या बाजाराला ती आत्याला घेऊन मुखेडला चालत गेली. हाली शिक्का तेव्हा बंद होत होता आणि सोनाराकडे आटवायला आलेल्या रुपयांचा ढीग पडलेला असे. आजीनं पायातली जोडवी काढून दिली आणि एक रुपया घेतला. त्याला कडी बसवून घेतली. घरी आल्यावर प्रश्न उरला टापेचा.

"बाप्ये रानात गेले तवा तिनं पाट्यावर रुपाया ठिवला. मला म्हणली, चिमट्यानं धर अन् डोळे मीट. मुसळाच्या बुडाला लोखंडी कडं असतंय ना, ते तिरपं धरून मारलं. पहिल्यांदा सटकलं. दुसऱ्यांदा बी. तिनं पदराला हात पुसले. मग मला म्हणली, रडू नको गं, रडलीस तर माझ्यानं हुणार न्हाई. अन् तिसरा मारला."

"आणि आजोबांना कळलं नाही?" मी विचारलं.

"चुलीच्या राखंत ठिवला हुता आठ दिस, काळा व्हायला. त्यांनी कवा निरखून बघितलं हुतं? पायातली जोडवी कुठं गेली, येवढंसुदीक इचारलं न्हाई त्यांनी."

"आत्या, इतकी वर्षं तू बोलली नाहीस?"

"मायनं शपथ घातली हुती. अन् कुणी इचारलं बी न्हाई. तुमी समदे घोडा घोडा करत बसलात."

दादा उठून ओसरीत गेला. मला वाटलं त्याला वाईट वाटलं असेल. बाजारातून अनवाणी, जोडव्यांशिवाय परत चालत येणारी आजी माझ्या डोळ्यासमोर होती. पाच मिनिटांनी दादा परत आला आणि म्हणाला, "म्हंजे खरा रुपाया अजून विहिरीतच हाय."

मी कपाळावर हात मारला.

"गाळ काढू. आपल्याकडं मोटारी हायेत, पाणी उपसायला वेळ लागतोय का? चार माणसं लावली की दोन दिसात."

"दादा, कुठली विहीर?"

"गावच्या शेतातली, लिंबाखालची."

"ती तू बुजवलीस," मी म्हणाले. "बोअर घेतल्यावर. वर गोठा बांधलास. मीच आले होते वास्तूला."

दादानं हातानं हवेत गोठ्याची जागा आखून बघितली. मग भिंतीला टेकून बसला. आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले, ते थांबेनात. सून चहा घेऊन आली ती दारातच उभी राहिली. काय झालं ते तिला कुणी सांगेना.

बारशाला आत्या आली. नाणं बाळाच्या कमरेला बांधायचं की नाही यावर मुखेडच्या घरात तासभर वाद झाला. मी म्हणाले, कडी नाही, कड घासून धारदार झालीय, बाळ तोंडात घालेल. वहिनी म्हणाल्या, रीत मोडायची का? कडी बसवून वरून सोन्याचं पाणी देऊ, काळं पडायचा प्रश्नच नाही. मी पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग चांदीचं पाणी?" शेवटी आत्यानं निकाल दिला. लेकराच्या कमरेला नवा करदोटा, आणि रुपया नुसता पाळण्याला लावून काढून घ्यायचा. तसंच झालं. पाळण्याला लावताना मी, "कडेनं धरा, कडेनं," असं इतक्या वेळा म्हणाले की दादाच्या सुनेनं नाणं माझ्याच हातात दिलं.

आता ते माझ्याकडे लातूरला आहे. चांगल्या कागदाच्या लिफाफ्यात नाणं, दुसऱ्यात कडी, दोन्ही एका पत्र्याच्या डब्यात, सोबत ओल शोषणारी एक पुडी. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघते. ओरखड्यांवर फिकट पिवळसर झाक चढायला लागलीय. ती हळूहळू तपकिरी होईल, मग काळी. माझ्या हयातीत पूर्ण होईल की नाही माहीत नाही. लिफाफ्यावर काय लिहायचं यावरून दादाशी दोनदा फोनवर भांडण झालं. त्याला 'निजामाची भेट' हवं होतं. मी आजीचं नाव लिहिलं.

दिवाळीला मुखेडला गेले तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि दादा त्यांना गोष्ट सांगत होता. घोडा त्यात नव्हता. आमच्या आजीनं मुखेडच्या भरबाजारात सोनाराला दरडावून ढिगातला सगळ्यात भारी रुपया कसा निवडला आणि घरी येऊन मुसळाचे सात घाव कसे घातले, ते तो हात उचलून दाखवत होता.

"तीन, दादा," मी दारातूनच म्हणाले. "तीन. पहिले दोन सटकले."

"तू आत जा, वहिनी चहा करून राहिली," दादा म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला. "सात घाव. माझ्या सख्ख्या आत्यानं डोळ्यानं बघितलेले."